पाळधी येईपर्यंत

जळगाव स्टेशनवर संध्याकाळी गाडीची वाट बघत उभं राहिलेल्या कुणालाही तो वास माहीत असणार. कढईतून नुकतीच काढलेली कचोरी, बाजूला मीठ लावून तळलेल्या मिरच्या, चहात ठेचून टाकलेलं आलं, आणि आपण सकाळी सातला घरातून निघालेलो. मी अमळनेर-जळगाव अपडाऊन करते, अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत माझं वजन 61 किलोवरून 82 वर गेलं. त्यातलं किती त्या प्लॅटफॉर्मवर वाढलं आणि किती घरी ते मोजायला काही मार्ग नाही, पण मला विचाराल तर निम्म्याहून जास्त त्या एका तासाचं आहे, पाच ते सहा.

दीड वर्षापूर्वी ऑफिसच्या तपासणीत माझी तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) 6.2 आली. 5.7 ते 6.4 म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर, 6.5 झालं की आत. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, आधी वजन उतरवा, सहा-सात किलो जरी गेले तरी फरक पडेल. त्यांनी टेपने कंबर मोजली, 98 सेंटीमीटर. आपल्याकडच्या बायकांना 80 च्या वर गेली की सावध व्हायचं असतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं, मी आपली साडीत सगळं बसतंय ना एवढंच बघायचे.

6.2 हा आकडा दुसऱ्या कुणाला साधा वाटला असता. माझ्या मायला पंचेचाळिसाव्या वर्षी शुगर निघाली, आता ती अडुसष्टची आहे, दोन वेळा इन्सुलिन घेते. मागे तिच्या पायाला चपलेचा अंगठा लागून छोटी जखम झाली होती, ती भरायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत मी दर रविवारी माहेरी जाऊन तिचं ड्रेसिंग केलंय. त्यामुळे रिपोर्ट हातात आला तेव्हा मला आकडा दिसलाच नाही, मायचा पाय दिसला.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. 1 जानेवारीपासून सगळं बंद. कचोरी बंद, भजे बंद, शेव बंद, वेफर्स बंद, साखर बंद, भात बंद, दुपारी डब्यात एक पोळी आणि कोबीची भाजी, संध्याकाळी फक्त चहा तोही बिनसाखरेचा, रात्री साडेआठला पुन्हा एक पोळी. एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी ऑफिसात ऑडिट होतं, गाडी पाऊण तास लेट होती, आणि मी एक कचोरी घेतली. ती संपायच्या आधीच मनात आलं की आता मोडलंच आहे. त्या एका वाक्याने घात केला. दुसरी कचोरी, मग गाडीत भेळ, घरी आल्यावर डब्यातली शेव, रात्री पोरीचं अर्धं चॉकलेट. रात्री मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. वजनासाठी नाही रडले, मला वाटलं की माझ्यातच काहीतरी कमी आहे, बाकीच्या बायका करतात मग मला का जमत नाही.

आज मी हे लिहितेय ते त्या रात्रीच्या माझ्यासारख्या बायकांसाठी लिहितेय. कारण त्यानंतर मी जे वाचलं आणि जे स्वतःवर करून बघितलं त्यातून मला पक्कं कळलंय की ती खा-खा सुटणं ही माझ्या स्वभावातली खोट नव्हती.

1944-45 साली, दुसरं महायुद्ध चालू असताना, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने 36 तरुणांवर एक प्रयोग केला होता. धडधाकट, स्वतःहून पुढे आलेली मुलं. युद्धात उपाशी राहिलेल्या लोकांना नंतर खायला कसं घालायचं हे समजून घ्यायचं होतं, म्हणून या मुलांना सहा महिने साधारण निम्म्या जेवणावर ठेवलं. दिवसाला पंधराशे-सोळाशे कॅलरीच्या आसपास. आज आपल्याला व्हॉट्सअॅपवर फिरत येणारे डाएट चार्ट यापेक्षाही कमीचे असतात, बाराशे, हजार. तर त्या मुलांचं काय झालं, त्यांना जेवणाशिवाय दुसरं काही सुचेना. रात्री स्वप्नात जेवण. ज्यांनी आयुष्यात कधी चूल पेटवली नाही ती मुलं पाककृतींची पुस्तकं जमवायला लागली, ती वाचत बसायची. आणि प्रयोग संपून पुन्हा पोटभर मिळायला लागलं तेव्हा कितीही खाल्लं तरी त्यांचं समाधान होईना.

हे वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि त्याआधी तासभर मी मोबाईलवर काय बघत होते तर शेवभाजीच्या रेसिपी. मला शेवभाजी गेली वीस वर्षं येते. तरी मी तर्री वर येताना बघत होते, एक झाला की दुसरा व्हिडिओ. त्या 36 मुलांची पुस्तकं आणि माझा मोबाईल, मला काही वेगळं वाटलं नाही. माझं शरीर मला सांगत होतं की बाई, मला कमी पडतंय, आणि मी त्याला लोचट समजत होते.

यातून बाहेर काढलं ते सासूबाईंनी. त्यांना कॅलरी वगैरे काही माहीत नाही. एक दिवस मी डबा भरत होते, त्यांनी झाकण उघडून बघितलं आणि म्हणाल्या, "दुपारले एवढंच खास का वं तू?" मी म्हटलं हो, एवढंच खाते, वजन कमी करायचंय. त्या म्हणाल्या, "पोट रिकामं ठेवशी तं जीभ गप बसी का?"

बस. साडेबाराला एक पोळी आणि रात्री साडेआठला दुसरी, मध्ये आठ तास, त्यात ऑफिस, उन्हातून स्टेशनपर्यंत पायी, आणि त्या भुकेल्या पोटाला मी रोज त्या कढईसमोर नेऊन उभं करत होते. आता विचार केला की मला त्या पोटाची कीव येते.

दुसऱ्या दिवसापासून डबा सासूबाईंनी हातात घेतला. कळण्याची भाकरी. बाहेरच्या लोकांना सांगायचं तर ज्वारीत अख्खे उडीद घालून दळलेलं पीठ, आमच्याकडे चाराला एक असं प्रमाण असतं. ती एक भाकरी खाल्ली की साध्या पोळीपेक्षा कितीतरी वेळ पोट धरून ठेवते, उडदाचं प्रोटीन आणि ज्वारीचा कोंडा, दोन्ही असतं तिच्यात. सोबत कधी उडदाची डाळ, कधी मठाची उसळ, हिवाळ्यात भरीत, आणि कांदा-काकडी. आमच्या जळगावच्या भरीताच्या वांग्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, भाजलं की त्यात तेल किती घालायचं ते आपल्या हातात असतं, आम्ही फोडणीचं तेल निम्मं केलं आणि कांद्याची पात वाढवली, चवीत मला तरी उणं वाटलं नाही. आणि साडेचारला, म्हणजे ऑफिस सुटायच्या आधी, एक मूठ फुटाणे आणि ताक. फुटाण्यात शंभर ग्रॅमला वीसच्या आसपास प्रोटीन असतं, मूठभर म्हणजे तीस ग्रॅम धरा. ही साडेचारची मूठ चुकली की साडेपाचला कढई जिंकते, हे मी आता लिहून देऊ शकते, कारण मी खरंच लिहून ठेवलंय.

वहीचं सांगते. शंभर पानी साधी वही, पोरीची उरलेली. खायची तल्लफ आली की चार गोष्टी लिहायच्या. किती वाजले, मी कुठे आहे, सोबत कोण आहे, आधी शेवटचं काय आणि कधी खाल्लं. खाल्लं की नाही हे मुद्दाम लिहायचं नाही, कारण ते लिहायला लागलं की वही म्हणजे शाळेचं प्रगतिपुस्तक होतं आणि मग आपण खोटं लिहितो. दोन महिन्यांत नोंदी झाल्या 73. त्यातल्या 41 जळगाव स्टेशन नाहीतर गाडी. 18 रात्री दहानंतर, हातात मोबाईल. बाकी रविवारचा बाजार, लग्नं, आणि तीन वेळा घरात भांडण झाल्यावर. आश्चर्य म्हणजे सकाळची एकही नाही. मी स्वतःला चोवीस तास खादाड समजत होते आणि वही सांगत होती की दोन जागा आहेत आणि दोन वेळा आहेत.

भूक कुठली आणि खा-खा कुठली हे ओळखायला मी स्वतःला एकच विचारते, आत्ता शिळी भाकरी आणि दूध दिलं तर खाशील का. हो असेल तर ती भूक, मग गपचूप खाऊन घ्यायचं, लांबवायचं नाही. नाही, मला कचोरीच पाहिजे असं आलं तर ती खा-खा. आणि खा-खा ही पुराच्या पाण्यासारखी असते, चढते तशी उतरते. मला आधी वाटायचं की ती खाल्ल्याशिवाय जातच नाही, कारण मी कधी थांबून बघितलंच नव्हतं. मग ठरवलं की नाही म्हणायचं नाही, फक्त पाळधी येईपर्यंत थांबायचं. जळगाव सुटलं की पाळधी, मग धरणगाव, मग आमचं अमळनेर. पाळधीपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जातात. पाळधीला अजूनही पाहिजे असेल तर डब्यात येणाऱ्या माणसाकडून घ्यायचं, परवानगी आहे. पहिल्या आठवड्यात मी पाळधीपर्यंत खिडकीचा गज घट्ट धरून बसायचे, खोटं कशाला सांगू. पण दहातल्या सहा-सात वेळा पाळधी येऊन गेलं हे धरणगावला कळायचं. उरलेल्या वेळा खाल्लं, आणि ते खाणं वेगळं होतं, घाईत उभ्याने कोंबलेलं नव्हतं.

आता सगळ्यात अवघड भाग. तो कढईचा नाही, बायकांचा आहे.

आमचा लेडीज डब्यातला सात-आठ जणींचा ग्रुप आहे. कुणी शाळेत, कुणी कोर्टात, कुणी दवाखान्यात. दिवसभरात आम्हाला स्वतःचा म्हणावा असा तो एकच तास मिळतो, घरी पोचलो की कुकर आणि अभ्यास. त्या तासाच्या मध्यभागी रोज एक कागदाचा पुडा उघडतो, त्यावर तेलाचे डाग पडलेले असतात, आणि आठ हात एकदम त्यात जातात. त्याच पुड्यावर एकीने नवऱ्याची नोकरी गेल्याचं सांगितलंय, एकीने पोराचा निकाल सांगितलाय. मी जेव्हा नको म्हणायला लागले तेव्हा मला जाणवलं की मी कचोरीला नको म्हणतेय पण त्यांना ते वेगळं ऐकू जातंय. एक जण म्हणालीच, आता तू आमच्यातली राहिली नाहीस. दुसरी म्हणाली, एकाने काय होतं, आणि तिने प्रेमानेच म्हटलं होतं. आपल्याकडे खाऊ घालणं म्हणजेच माया, आणि नाकारलं की माया नाकारली असं होतं. डाएटच्या कुठल्याही चार्टमध्ये या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं नाही.

तीन आठवडे मी खिडकीकडे तोंड करून बसले, पुस्तक उघडून. फार वाईट गेले ते दिवस. त्या दिवसांत वहीतल्या नोंदी वाढल्यात, रात्रीच्या. म्हणजे मी गाडीत वाचवलेलं घरी खात होते, कारण मला त्या कचोरीइतकीच त्या हातांचीही गरज होती.

शेवटी एका संध्याकाळी मी सगळं सांगून टाकलं. रिपोर्ट, मायचा पाय, एकोणीस दिवस, वही, सगळं. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग जी म्हणाली होती की तू आमच्यातली राहिली नाहीस, तिने सांगितलं की तिची तीन महिन्यांची शुगर 7.1 आहे आणि तिने घरी अजून सांगितलेलं नाही. धरणगाव कधी गेलं आम्हाला कळलं नाही.

त्यानंतर पुडा बंद झाला असं काही नाही, तसं कुणी सांगितलं तर मी विश्वास ठेवणार नाही. पण पुड्यात बदल झाला. कुणी भुईमुगाच्या शेंगा उकडून आणते, कुणी पेरू, थंडीत बोरं, हुरड्याच्या दिवसात एकीच्या शेतातला हुरडा येतो आणि त्या दिवशी डब्यात सगळे आमच्याकडे बघतात. शुक्रवारी कचोरी. शुक्रवार ठरलेला आहे, मी अर्धी घेते आणि अर्धी 7.1 वाली घेते.

शेंगांवरून एक सांगायचंय. मी पूर्वी वेफर्सचं पाकीट उघडलं की धरणगावच्या आत संपायचं, आणि शेंगा सोलत सोलत अमळनेर येतं तरी पुड्यात उरतात. 2019 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी 20 माणसांना महिनाभर ठेवून घेतलं होतं, दोन आठवडे कारखान्यातलं तयार पाकीटबंद खाणं, दोन आठवडे साधं घरच्यासारखं. दोन्ही वेळा पुढ्यात ठेवलेल्या ताटात साखर, फॅट, मीठ, कॅलरी सारख्याच, खायचं तेवढं खा. पाकीटबंद खाण्यावर माणसं रोज 500 कॅलरी जास्त खात होती, भराभर खात होती, आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलो वाढली. तीच माणसं साध्या जेवणावर तेवढीच उतरली. आपल्या केळीचंच घ्या ना. रावेर-यावलकडचं केळं शंभर ग्रॅमला नव्वद कॅलरीच्या आसपास, त्याच केळीचे तळलेले वेफर्स शंभर ग्रॅमला पाचशेच्या वर. केळं दोन खाल्लं की पोट नको म्हणतं, वेफर्सच्या बाबतीत पोटाला बोलायची संधीच मिळत नाही.

पण म्हणून आमच्या सणाच्या ताटाला कुणी जंक म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर, आत खापरावर मांडे, पातेलंभर आमरस, आणि तिथे कुणी कॅलरी मोजत बसली तर मी तिला हाताला धरून ताटावर बसवेन. कानबाई या आमच्या खान्देशातल्या देवीचे रोट वर्षातून एकदा होतात, भाऊबंद एकत्र बसून ते संपवतात. माझी कंबर आखाजीने 98 झालेली नाही, ती रोजच्या पुड्याने झाली, रोजच्या कोल्ड्रिंकने झाली. आमच्याकडचा उन्हाळा 44-45 ला जातो, तहान भुकेसारखी लागते, आणि मी मे महिन्यात रोज एक बाटली प्यायचे. 300 मिलीच्या बाटलीत तीस ग्रॅमच्या वर साखर असते, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अख्ख्या दिवसाची साखर 20 ते 25 ग्रॅममध्ये ठेवा म्हटलंय. आता पाण्याची मोठी बाटली आणि ताक. उन्हाळ्यात अर्ध्या तल्लफा नुसत्या पाण्याने जातात, हे वहीत मे महिन्यात स्पष्ट दिसतंय.

रात्रीच्या नोंदींचं औषध मला उशिरा सापडलं, ते झोप होतं. मी बाराला झोपून पाचला उठत होते. पाच तासांच्या झोपेनंतरच्या दिवशी स्टेशनवरची तल्लफ हमखास यायची आणि पाळधीला उतरायची नाही. 2004 मध्ये शिकागोत बारा तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं होतं, तर त्यांच्या रक्तात भूक लावणारं घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढलं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन 18 टक्क्यांनी उतरलं, आणि त्यांना गोड, खारट, पिठूळ असंच हवंहवंसं वाटायला लागलं. आता साडेदहाला मोबाईल हॉलमध्ये चार्जिंगला. भांडी रात्री घासायची की सकाळी यावरून घरात थोडी चर्चा झाली, शेवटी नवरा घासतो.

घरातली शेव मी बंद केली नाही, खान्देशात ते जमायचंही नाही. फक्त दोन किलोचा डबा भरून ठेवणं बंद केलं. ज्या दिवशी शेवभाजी त्या दिवशी पावशेर आणायची, आणि तीही पानात वाढताना वरून टाकायची.

सोळा महिने झाले. वजन 82 चं 73.8 आहे, मधले दोन महिने ते एक ग्रॅमही हललं नाही आणि मी फार निराश झाले होते. शुगर 5.8 आली. उंबरठ्यावरच आहे अजून. कंबर 89. परवा मायकडे गेले होते, तिने माझ्या दंडाला हात लावून बघितलं आणि विचारलं, बरी आहेस ना गं, जेवतेस ना. मी म्हटलं जेवते, पूर्वीपेक्षा जास्त जेवते.

आज शुक्रवार होता. गाडी लेट होती, कचोरी गरम होती, 7.1 वाली, जी आता 6.6 झालीये, तिने अर्धी तोडून माझ्या हातात दिली. पाळधी जाऊ दिलं आणि मग सावकाश खाल्ली, वरचा पापुद्रा आधी, सारण शेवटी, तिच्या पोराच्या ॲडमिशनचं ऐकत. घरी पोचले तर सासूबाई तव्याशी बसलेल्या.

"आज काय खादं गाडीमा?"

"अर्धी कचोरी."

"मंग भाकर अर्धीच करू का?"

"नाही आई, पूर्ण करा."